गयाबाईंचा पिठल्याचा डबा

विठ्ठल विठ्ठल म्हणा मंडळी, आणि जरा पुढं सरका. भिंतीला टेकून बसणाऱ्यांना आधी झोप गाठते, मग कीर्तन.

मघाशी मांडवात कुरकुर ऐकली मी. सप्त्याचा शेवटचा दिवस आणि महाप्रसादाला पिठलं-भाकरी? बुंदी का नाही? सांगतो! पण आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या.

शेजारी लेकरू जन्मलं तर काय नेता? झबलं-टोपडं, डिंकाचे लाडू. बरोबर. शेजारी कुणी गेलं तर? त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरी नेता. तेही बरोबर. आता सांगा — लेकरू जन्मलंय, पण राहतंय की जातंय ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. तिथं काय घेऊन जाल?

झालात ना गप्प? अकरा वर्षांपूर्वी आम्हीही असेच गप्प बसलो.

आपल्या वैजनाथ ट्रकवाल्याची बायको सारिका सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी! वजन अकराशे ग्रॅम. जिल्ह्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. वैजनाथ ट्रक घेऊन हुबळीकडं, सासू अंथरुणाला खिळलेली. सारिका एकटी त्या खोलीबाहेर सतरंजी टाकून बसायची. दर दोन तासांनी वाटीत दूध काढायचं, सिस्टर ते नळीनं लेकराला द्यायची. पण आईच्या पोटात काही नाही, डोळ्याला डोळा नाही. दूध आटत चाललं. सिस्टर म्हणाली, "बाई, तुझं दूध हेच तिचं औषध. पोटभर खा, झोप काढ." खाणार कुठून? आणि झोपली तर दूध काढायला उठवणार कोण?

आणि आम्ही काय करत होतो? पारावर बसून विचार करत होतो. जाऊन बोलायचं काय? पेढे मागावे तर बरं दिसत नाही, सांत्वन करावं तर लेकरू जिवंत! मग न गेलेलंच बरं.

नवव्या दिवशी आपल्या गावातल्या म्हाताऱ्या गयाबाई मला विचारतात, "बुवा, त्या पोरीचं काय कळलं का हो?" दोन दिवस वैजनाथचा फोन लागत नव्हता. मी आपला ज्ञानी माणूस! म्हणालो, "एवढंसं लेकरू ते, गेलं असेल एव्हाना."

गयाबाईंनी ते खरं मानलं. घरी गेल्या, पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या, डबा फडक्यात बांधला आणि एसटीत बसल्या. दवाखान्यात सारिकाजवळ टेकल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला. "रड माय, मोकळी हो."

सारिका बघतच राहिली. "का रडू, काकू? आत्ताच दूध दिलं तिला. कालच्यापेक्षा दहा ग्रॅम वाढलीय."

आता काय करावं म्हाताऱ्या बाईनं? डबा हळूच पदराआड सारला. पण पिठल्याचा वास लपतो होय? सारिकानं फडकं पाहिलं. लेकुरवाळ्या आईसमोर सुतकाचा घास! तिला सगळं कळलं. गयाबाईंची मान खाली गेली. म्हणाल्या, "चुकले गं बाई. मला वाटलं…"

सारिकानं डबा स्वतःकडं ओढला. मग म्हणाली, "काकू, नऊ दिवसांत कोणी आलं नव्हतं. तुम्ही मयताला म्हणून आलात, पण आलात तर खरं. वाढा मला, फार भूक लागलीय."

तीन भाकऱ्या खाल्ल्या पोरीनं. आणि गयाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. दोन तासांनी गयाबाईंनी उठवलं तेव्हा वाटीत दूध थोडं जास्त आलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. सिस्टरनं लेकरू काढून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं तेव्हा दाराशी पहारा गयाबाईंचाच. वीस दिवस राहिली ती बाई तिथं! लेकराचं वजन किती, जगेल का, एकदाही विचारलं नाही. विचारायच्या एवढंच — "जेवलीस का?"

ती अकराशे ग्रॅम कुठंय, बघायचीय? बायकांच्या पहिल्या रांगेत, पिवळा फ्रॉक. ओवी नाव तिचं. जांभई देतेय बघा, गोष्ट पाठ झालीय तिला! वाढदिवसाला घरी हट्टानं पिठलं-भाकरीच करायला लावते. आजचा महाप्रसादही तिच्याच आईबापाचा.

गयाबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या घरी पिठलं घेऊन मीच गेलो होतो. तिथं कसं, काय न्यायचं ते ठाऊक असतं.

पण मंडळी, आपल्याच खालच्या आळीतली सून सहा दिवसांपासून त्याच काचेच्या पेटीच्या खोलीबाहेर बसलीय. जुळी आहेत. मांडवात आल्यापासून मी दहा जणांना विचारलं, कोण जाऊन आलं? सगळे म्हणाले, "बुवा, जाऊन बोलायचं काय?"

काही बोलू नका. सकाळी सातची एसटी आहे. डबा इथं वीणेशेजारी ठेवलाय, गयाबाईंचाच आहे. मी गजर धरतो. गजर संपायच्या आत तो कोणीतरी उचललेला मला दिसू द्या.