कपडे स्वच्छ येतात

नाही, तो स्टूल नको, त्याचा पाय मोडलाय — ही बादली पालथी घाला आणि बसा, साबणाची आहे, स्वच्छ आहे. थांबा, तेवढा ड्रायर बंद करतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी तुमच्यावर ओरडतोय. हं. तर कॉर्डेल मिम्सचं विचारायला आलात. वर कोचकडे जाऊन आलाच असाल — मग काय म्हणाला? पोरगा म्हणजे सोनं, सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या नंतर जातो, आईला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही. म्हणाला ना? दर वर्षी सगळ्यांबद्दल हेच म्हणतो. त्याचंही बरोबर आहे म्हणा, इथून एखादा पोरगा मोठ्या लीगमध्ये गेला की पुढच्या वर्षी अर्ध्या अलाबामातली पोरं आपण होऊन दारात येतात. म्हणून तर मोठ्या टीमसाठी पोरं हेरत फिरणाऱ्या तुम्हा लोकांतले जे शहाणे आहेत ते जिना उतरून खाली माझ्याकडे येतात. कोच खोटं बोलतो साहेब, कपडे खोटं बोलत नाहीत.

चौतीस वर्षं धुतोय मी या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कपडे. पॅड, हेल्मेट, बूट, सगळं माझ्याकडे. आमचं सरावाचं मैदान अजून मातीचंच आहे, नदीकाठचं, ती तांबडी माती एकदा गुडघ्यावर बसली की तिला दोनदा घासावं लागतं. आता मला सांगा, तुमच्याकडे काय असतं? घड्याळ असतं, मोजपट्टी असते, चाळीस यार्ड किती सेकंदात, उंची किती, हाताचा पंजा किती इंच. पंजा मोजता तुम्ही, घोडा विकत घ्यायला आल्यासारखा. आणि सगळं मोजून झालं की खरा खेळाडू तुमच्या नाकाखालून निघून जातो. डूली आठवतो? पाच फूट सात इंच. तुमची माणसं मैदानावर हसली होती त्याला, एकाने तर मोजपट्टी परत गुंडाळून ठेवली होती. मी त्या माणसाला इथे आणला, याच टेबलावर डूलीची पॅन्ट पसरली — मांडीपासून घोट्यापर्यंत चिखल, गुडघे फाटलेले — म्हटलं, चेंडू आपल्याकडे येत नाही त्या वेळीसुद्धा जो जमिनीवर लोळतो तो खेळाडू, बाकी सगळे धावपटू. घेतला त्यांनी डूलीला. नऊ वर्षं खेळला. त्या माणसाला बढती मिळाली, आणि मला एक टोपी पाठवली पोस्टाने, ती पण लहान निघाली.

आता मिम्सचं. एक्क्याऐंशी नंबर. मी एकच सांगेन, जास्त बोलणार नाही. त्याचे कपडे स्वच्छ येतात. बस्स. चार वर्षं झाली, स्वच्छ येतात. आता चेंडू झेलणाऱ्याचं काम काय, हे मी तुम्हाला सांगायला नको — चेंडू दुसऱ्याकडे गेला की समोरच्या धिप्पाड माणसाच्या अंगावर जाऊन पडायचं, त्याला आडवं करायचं, स्वतः आडवं व्हायचं. ते ज्याला नको असतं त्याची पॅन्ट स्वच्छ राहते. मी म्हणत नाही तो पळपुटा आहे. मी फक्त कपड्यांचं सांगितलं. लिहा, लिहा, लिहून घ्या, शेंगा घ्या, उकडलेल्या आहेत, मीठ जरा जास्त झालंय.

नाही, पळतो छान. कोण नाही म्हणतंय? मागच्या गुरुवारी चाळीस यार्ड चार पॉइंट चार आठ सेकंदांत. पण कशावर पळाला? प्लास्टिकच्या गवतावर, छपराखाली, ना वारा ना ओल. चौघं जण घड्याळं घेऊन उभे आणि कोच टाळ्या वाजवतोय. तिथे कुणीही पळेल. आणि पंजा साडेनऊ इंच — तुमच्या त्या सोनेरी मिशीवाल्याने तीनदा मोजला, शेजारच्याला दाखवला. ते काय कर्तृत्व आहे का? ते हात मिम्सांकडून आलेत, बापाकडून, आमच्या घरात कुणाचे असे हात नाहीत, आईचे सुद्धा —

काय? हो. आमच्या घरात म्हणालो. बरं मग. अर्लीन माझी बहीण. धाकटी. तिचा तो मुलगा. मी मामा त्याचा, सख्खा. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही, त्यात लपवण्यासारखं काय आहे? माझं आडनाव पेटवे, त्याचं मिम्स, लोकांना कळत नाही, आणि कळून काय करायचंय? उलट मामा असून मी बाजू घेतली नाही याची नोंद करा तुमच्या वहीत. कोच परका असून घेतो. मी घरचा असून खरं सांगतो.

मी पण झेलायचो, माहितीये का? नसणार. इथेच. याच मैदानावर. अठ्ठ्याऐंशी साली. विचारा गावात कुणालाही, लॉनी पेटवे कसा झेलायचा — पाठमोरा, एका हाताने, दोघं अंगावर असताना. तेव्हा ड्राफ्टच्या, म्हणजे मोठ्या लीगच्या टीम पाळीपाळीने पोरं उचलतात त्याच्या, बारा फेऱ्या असायच्या, तीनशेच्या वर पोरांची नावं घ्यायचे दोन दिवसांत, तीनशे. आता सात फेऱ्या आहेत तरी यांना वाटतं आपण आभाळाला हात लावला. मला बघायला एकच माणूस आला होता, एक. रात्रभर पाऊस पडलेला. मी म्हटलं साहेब, उद्या पळतो, माती सुकू द्या. म्हणाला, उद्या मी टेनेसीत असेन. पळालो. घसरलो, उठलो, पळालो. चार पॉइंट सात एक. आठवडाभर आधी मी चार पॉइंट पाचला पळालो होतो, कोचच्या घड्याळात, पण ते घड्याळ कोचचं ना. मग त्याने माझा पंजा मोजला — सव्वाआठ — आणि वही मिटली. झेलताना एकदाही बघितलं नाही हो. चेंडू हातात घेऊन उभा होतो मी, म्हटलं एक तरी टाका माझ्याकडे. म्हणाला, गाडीत सामान भरायचंय. मग ड्राफ्ट झाला, तीनशेवर नावं झाली, त्यात मी नव्हतो. त्या उन्हाळ्यात कोच म्हणाला, लॉनी, धुलाईची जागा रिकामी आहे. तात्पुरती.

तुम्ही मान हलवताय, पण तुम्हाला काय कळणार. बरं, ते जुनं झालं. मी विसरलो होतो, खरंच विसरलो होतो. पण मग हा पोरगा मोठा व्हायला लागला. आणि माझी बहीण. तिने काय करावं? चर्चमध्ये पाद्रीसाहेबांना सांगून त्याच्यासाठी प्रार्थना ठेवली, अख्खं चर्च उभं राहिलं, म्हातारी मिसेस टॉलिव्हर सुद्धा, जिला उठवत नाही ती. माझ्या वेळी कोण उभं राहिलं होतं? कुणी नाही. ड्राफ्टच्या शुक्रवारी ऐंशी माणसांना जेवायला बोलावलंय, मासे तळणार आहे, मलाच सांगितलंय मोठी कढई आणायला. आणि परवा मला म्हणते — भांडी घासता घासता म्हणते, सहज — लॉनी, तुझं राहिलेलं हा पुरं करणार बघ. मी हसलो. काय करणार, ऐंशी माणसांचं जेवण ठरतंय आणि मी तोंड वाकडं करू? पण साहेब, माझं राहिलेलं त्याने का म्हणून पुरं करायचं? ते माझं होतं. राहिलं तर राहिलं, पण माझं राहिलं. तेवढं एकच माझ्याकडे होतं आणि ते पण बहिणीने उचलून मुलाच्या ताटात वाढलं. हो, दुखतं माझ्या पोटात. सख्खा भाचा आहे, अंगाखांद्यावर खेळवलाय, त्याला पहिला चेंडू मी झेलायला शिकवला — आणि तो पळायला लागला की मी मनात म्हणतो, घसर. म्हणतो. आता काय करता?

ते सोडा. ते कशाला उचलताय? ती पॅन्ट ओली आहे, हात ओले होतील तुमचे. एक्क्याऐंशीच आहे ती, हो, वाचता येतं तुम्हाला. आज पहाटेची आहे. सीझन संपला तरी पहाटे येतो तो, ज्युनिअर पोरांना घेऊन मैदानावर. ओली? ओली कारण — बाहेर नळ आहे ना, हौदाजवळ, तिथे तो खळबळून टाकतो. आधी. इथे टाकायच्या आधी. रोज. हो, चार वर्षं.

मी नाही सांगितलं त्याला. देवाशपथ नाही सांगितलं. पहिल्या वर्षी एकदा इथे आला होता, माझे हात बघितले त्याने. हे बघा. ब्लीचने असे होतात, थंडीत फाटतात, ती माती घासताना रक्त येतं. दुसऱ्या दिवसापासून त्याची पॅन्ट धुतलेली यायला लागली. मग त्याने आणखी दोघातिघांना लावलं, पण ते टिकले नाहीत, हा टिकला. आईने तसं वाढवलंय त्याला, अर्लीनचं तेवढं आहे. मी म्हटलं, अरे नको करत जाऊस. म्हणाला, मामा, मला नळाखाली गार बरं वाटतं. खोटं बोलतो, जानेवारीत कुणाला गार बरं वाटतं?

धुण्याआधी? धुण्याआधी कशी असते म्हणजे? — असते. माती असते. कमरेपर्यंत असते. पाठीवर पण असते. एकदा मी खिडकीतून बघितलं होतं, नळाखालचं पाणी बराच वेळ तांबडं येत होतं. डूलीची कधी तेवढी मळली नाही. झालं समाधान? पण मी खोटं काय बोललो, सांगा? कपडे स्वच्छ येतात म्हणालो. येतात. माझ्या टेबलावर स्वच्छच येतात. तुम्ही पुढचं विचारलं नाहीत. तुमच्या आधी तिघं येऊन गेले, त्यांनीही नाही विचारलं, सगळ्यांनी मान हलवली, लिहिलं, शेंगा खाल्ल्या, गेले. एकजण तर म्हणाला, मला वाटलंच होतं, चेहऱ्यावरून नाजूक दिसतो. चेहऱ्यावरून. तुम्ही पहिले, ज्यांनी पॅन्ट हातात घेतली.

बरं, ऐका. खोडा ते. आता खोडा माझ्यासमोर, ती ओळ. आणि एक करा — तुमची आपसात ओळख असेलच, एकाच मोटेलात उतरता, एकाच टेबलावर नाश्ता करता. त्या तिघांना फोन करा. सांगा, म्हाताऱ्याची चूक झाली. माझं नाव सांगा, काय म्हणायचं ते म्हणा मला, दुसऱ्या फेरीत जाईल हो पोरगा, कोचच म्हणत होता दुसऱ्या फेरीत जाईल, ऐंशी माणसं बसणार आहेत टीव्हीसमोर, बहीण माझी — फोन करा. करता ना?

हसताय का?

म्हणजे कसं, कळलं नाही मला. नीट सांगा. फोन करायचा नाही. बरं. आणि उद्या आणखी दोघं येणार आहेत, त्यांनाही मी हेच सांगायचं — कपडे स्वच्छ येतात. तेवढंच. बाकीच्या सगळ्यांनी तोंड फिरवलं की तुमची टीम शेवटी शेवटी सातव्या फेरीत उचलणार. दुसऱ्या फेरीचा माल सातव्या फेरीच्या भावात. नाहीच उचलला तर ड्राफ्ट संपल्यावर त्याच्या घरी फोन करणार, तोवर तो मिळेल ते घेईल. अच्छा. अच्छा. असं असतं होय तुमचं. मला चौतीस वर्षं वाटत होतं की तुम्हाला दिसत नाही. माझ्या वेळच्या त्या माणसाला मी आंधळा म्हणत आलो, रोज, कपडे घासताना. डूली कितव्या फेरीत गेला होता हो? सातव्या. शेवटून तिसरा. आणि मी गावभर सांगत फिरलो, माझं ऐकलं म्हणून.

ते कार्ड ठेवा खिशात. म्हातारपणाची सोय, टीमच्या धुलाईघरात जागा — ठेवा म्हणतो ना. मी त्याचं वाईट केलं ते जळून केलं, माझा भाचा आहे, माझी बहीण आहे, माझं आहे ते, त्याचं काय व्हायचं ते आमच्या घरात होईल. तुम्ही तर जळतही नाही. तुम्हाला तो आवडलाय. आवडलाय आणि तरी हे सांगताय.

उद्या ते दोघं आले की काय सांगीन? आता तुम्ही म्हणाल, म्हातारा शहाणा झाला, खरं सांगेल. साधी गोष्ट आहे, एक वाक्य आहे — माती त्याच्या कमरेपर्यंत असते. आत्ता तुम्हाला सांगितलंच की. पण तुम्ही पॅन्ट उचललीत म्हणून सांगितलं. नसती उचललीत तर? या आठवड्यात तिघं तुमच्यासारखेच बसून गेले, प्रत्येक वेळी ते वाक्य इथे, जिभेवर आलं होतं, आणि मी शेंगा पुढे केल्या. मला नाही माहीत, साहेब, उद्या मी काय सांगीन. तुम्ही निघा आता. मला ड्रायर चालू करायचाय.