चिकट पानांचे अल्बम

(गुडगावमधला नवा फ्लॅट, १९९८. जेवणाच्या टेबलावर जुन्या फोटोंचे जाडजूड अल्बम. वडील आणि मुलगा.)

सूर्यकांत: थांब! ओढू नकोस, आशय.

आशय: ओढत नाहीये बाबा. हरीशनं सांगितलं तसा खालून दोरा सरकवतोय... अरे यार!

सूर्यकांत: फाटला?

आशय: फोटोतलं अर्धं इंजिन पानावरच राहिलं. सॉरी. बाकीचे हरीशच काढेल, जुने फोटो सोडवणं त्याचं रोजचं काम आहे. त्याच्या प्रदर्शनात लावायचेत ना. तो म्हणाला, या अल्बमचा डिंक फोटो खातो. आत्ता काढले तर निम्मे तरी वाचतील. अजून चार-पाच वर्षांनी एकही नाही.

सूर्यकांत: माहीत आहे मला.

आशय: माहीत आहे? कधीपासून?

सूर्यकांत: पहिल्या दिवसापासून. पान उघडलं आणि वासच आला.

आशय: मग यात लावलेच कशाला?

सूर्यकांत: मी कुठे लावले? रिटायर व्हायच्या आधी रेल भवननं मला खरगपूरच्या दौऱ्यावर धाडलं होतं ना, तेव्हा तुझ्या आईनं लावले. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये, भर मे महिन्यात, पंखा बंद करून. पंख्यानं फोटो उडत होते म्हणे. करोल बागेतनं अल्बम आणले, माझी ट्रंकेतली सगळी पाकिटं रिकामी केली. मी आलो तर दारातच म्हणाली, डोळे मिटा.

आशय: आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?

सूर्यकांत: मानेवर घामोळं उठलं होतं तिच्या. काय बोलणार?

आशय: तेव्हाच काढले असते तर सगळे सुटले असते!

सूर्यकांत: सुटले असते. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं. हॉस्पिटलमध्येसुद्धा विचारलं तिनं, फोटो नीट आहेत ना हो? म्हटलं, अगदी नवे कोरे.

आशय: बाबा, आईला जाऊन वर्ष होईल. तिला आता वाईट नाही वाटणार. हा गिरणीच्या इंजिनाचा बघा. गिरणी पाडली, तिथे आता फ्लॅट्स होतायत. याची निगेटिव्ह नाही, दुसरी कॉपी नाही. दर्यागंजच्या फुटपाथवर जुने फोटो धुंडाळण्यात आयुष्यभराचे रविवार घातलेत तुम्ही. ते असं पिवळं होऊन मरू द्यायचं?

सूर्यकांत: खाली काय लिहिलंय ते वाच.

आशय: आईचं अक्षर मला पटकन नाही लागत... "हा आणला त्या दिवशी भाजी आणायची राहिली. पिठलं केलं." अच्छा! म्हणजे फोटोबद्दल काहीच नाही?

सूर्यकांत: एकाही पानावर नाही. इंजिनांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण दर रविवारी पिशवी घेऊन माझ्याबरोबर यायची.

आशय: ठीक आहे, तिच्या ओळी कापून ठेवू. नाहीतर झेरॉक्स काढू. फोटो हरीशला, ओळी आपल्याला.

सूर्यकांत: आणि पान टाकून देणार. अरे, आत बुडबुडा राहू नये म्हणून एकेका फोटोवरनं तिनं तळवा फिरवलाय. ते कसलं झेरॉक्स काढशील? जन्मभर मला इंजिनं हवी होती, आशय. आता मला तुझी आई हवी आहे.

आशय: ...मग हरीशला काय सांगू?

सूर्यकांत: ये म्हणावं. अल्बम आहेत तसे ठेवून, वरून कॅमेऱ्यानं काय टिपायचं ते टीप. काढायचं मात्र काही नाही.

आशय: डाग येतील सगळे. प्रदर्शनात कोण लावणार ते?

सूर्यकांत: नसतील लावत तर न लावोत.

आशय: चलो, ठीक आहे. सांगतो त्याला. हा फाटलेला तुकडा तरी परत जागेवर ठेवतो.

सूर्यकांत: ठेव. हळू. पानिपतचा आहे तो, मी स्वतः काढलेला.

आशय: याच्याखाली बरंच लिहिलंय. "फार थंडी. ड्रायव्हरनं इंजिनचं गरम पाणी दिलं. गार मिसळून ओंज... ओंजळीत घेऊन उभी राहिले. हे फोटो काढत होते." ओंजळ म्हणजे काय, बाबा?

सूर्यकांत: दिल्लीत वाढवलं तुला, दुसरं काय होणार! दोन्ही हात पुढे कर. जवळ आण. आता पाणी धरायचंय असे खोलगट कर.

आशय: अशी?

सूर्यकांत: हां. तिची याहून लहान होती.