गोळी न घेणाऱ्या बाईंचा सत्कार

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आदरणीय मुख्याध्यापिकाबाई, व्यासपीठावरचे संस्थेचे मान्यवर, माझे सहकारी, पालकवर्ग आणि माझ्या मुलींनो,

अध्यक्षांनी आत्ता इतकं कौतुक केलं की ही कोण बाई बुवा, म्हणून मीच मागे वळून पाहिलं. हसा, हसा. मलाही हसून खाली बसायला आवडलं असतं. त्या म्हणाल्या, "आमच्या कवायतीच्या बाईंनी संधिवाताला नुसत्या व्यायामानं पळवलं, एक गोळी न घेता." हे त्यांनी कुणाकडून ऐकलं? माझ्याचकडून. शिक्षकखोलीत डबे खाताना मी हेच तर सांगत असते.

ते साफ खोटं आहे.

मला आमवात आहे. वयानं गुडघे कुरकुरतात तो नव्हे. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उलटतं, तो. सकाळी दोन्ही हातांच्या मुठी तास-दीड तास मिटायच्या नाहीत. आधी मी थंडीवर ढकललं, मग वयावर. शेवटी डॉक्टरांनी एकेक बोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, एक्स-रे काढला आणि म्हणाले, "लवकर आलात म्हणून हात वाचतील. ही गोळी आठवड्यातून एकदाच, आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही." ती गोळी मी आजही घेते, दर रविवारी. सोमवारी मळमळतं. मुलींनो, सोमवारी मी तुमच्यावर जास्त का खेकसायचे, ते आज कळलं ना?

मग लपवलं कशाला? अहो, "पाठ ताठ!" म्हणून मैदानभर ओरडणाऱ्या बाईच्या पर्समध्ये औषधं? कसं दिसतं ते! एवढाच माझा तोरा. दुसरं काही कारण नाही.

आज इथे येण्याआधी आमच्या शिवणाच्या बाई मला हे फूल लावायला आल्या. टाचणी त्यांच्या हातातून सारखी निसटत होती. न बघता सुईत दोरा ओवणाऱ्या बाई त्या! बोटांचे सांधे टम्म सुजलेले. मी म्हटलं, "अहो, हे काय? डॉक्टरांनी औषध दिलं होतं ना?" तर ओशाळं हसून म्हणाल्या, "सोडलं की, तुमचं बघून. रोज मुठी उघडते-मिटते. बाई, तुमच्यासारखा गुण मला कधी येणार हो?"

कुठे तोंड लपवू असं झालं मला. आणि तरी "येईल, येईल" म्हटलं आणि फूल मिरवत इथे येऊन बसले. लाज वाटते हो, फार लाज वाटते.

शिवणाच्या बाई, मान वर करा. मान खाली घालायची ती मी. व्यायाम हवाच, पण गोळीबरोबर, गोळीऐवजी नाही. हातांचं किती बिघडलंय आणि किती वाचेल, ते डॉक्टरच सांगतील. उद्या सकाळी मी तुमच्या दारात उभी राहते. वाटेत मला हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण चला.

संस्थेनं इतकी वर्षं मैदान माझ्या हवाली केलं, सहकाऱ्यांनी माझा तिखट स्वभाव सोसला, त्याबद्दल सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. खोटं मात्र पोटात घालू नका.

आणि कृपा करून टाळ्या नकोत. शिवणाच्या बाईंना वाजवता येणार नाहीत.