ताटाखालचं कार्ड

...आन वर मलाच म्हणतेत, मावशी, कार्डातले पैसे एकदम सुरक्षित असतात! हायत की. म्या कुठं न्हाय म्हणते? इतके सुरक्षित हायत की चोराला सापडंनात, दुकानदाराला सापडंनात, मशीनीला सापडंनात, आन ज्या बाईनं दोन वर्षं चुलीम्होरं बसून कमावले तिला तर बिलकुलच सापडंनात. पैसं हायत, बायांनो. पर कार्डात हायत.

तुमी भाकरी घ्यायला आलाव हे मला ठावं हाय. आन भाकरी निवडता निवडता हळूच इचारायलाव, दुबई कशी हाय वो लक्ष्मीबाई? दुबई! म्या दुबईत काय बघितलं सांगू? चौथ्या मजल्यावरची एक खोली, त्या खोलीत एक ताट, आन ताटाखाली एक कार्ड. बसा. ऐकूनच जावा. कडक भाकरी हाय, शिळी व्हत न्हाय.

आमची हर्षाली. सात वर्षं झाली नळदुर्गच्या अमरसिंहाला देऊन. आधी पुण्याला व्हते, मग जावई दुबईच्या कंपनीत लागले. सात वर्षांत पाळणा हलला न्हाय. आन आमच्यात कसं हाय, लेकीला लेकरू होईस्तोवर आईबापानं लेकीच्या घरचं खायचं न्हाय. पाणी बी न्हाय. हसा, हसा, आजकालच्या पोरी हसतेतच. म्या चार बारी पुण्याला गेले आन चारी बारी स्टँडवरनं पाण्याची बाटली इकत घेऊन गेले. लेक दारात तांब्या घेऊन उभी, आन म्या तिच्याम्होरं बाटलीचं टोपण पिळायलेय! ती तांब्या आत घेऊन गेली. माझ्या सासूनं एकच पळवाट ठेवली व्हती, की लईच अडलं तर जेवायचं आन ताटाखाली रुपया ठेवायचा. म्हंजी मग ते लेकीचं खाल्लं असं व्हत न्हाय, इकत घेतलं असं व्हतंय.

तर गेल्या साली लेकीचा फोन, आई, नववा भरत येईल तवा तू माझ्यापाशी पायजे. आता न्हाय म्हणायची सोय हाय का? तिकीट मालकांनी सोयाबीन इकून काढलं, आन तिथला वरखर्च माझा, ह्या भाकरीचा. जावयाचा एक पैसा लागू द्यायचा न्हाय म्हणून म्या पैसं फडक्यात बांधले, भाचा बजरंगला घेतलं आन सोलापूर गाठलं. तिथं दुकान, परदेशी पैसं बदलून देणारं. आत गार हवा, टायवाला पोरगा. म्हणाला, "मावशी, रोख कशाला नेताय? कार्ड घ्या. आत दिरहम भरून देतो. आजचा भाव बांधून मिळतो, उद्या दिरहम महागला तरी तुम्हाला फरक नाही." भाव बांधून म्हणल्यावर आमचे मालक खूश, तुरीला कधी कुणी बांधून दिला न्हाय. पोरगं म्हणालं थोडे रोख बी ठेवा. मालक म्हणले, "कशाला? कार्ड हाय की."

हे तीन शब्द लक्षात ठेवा. कार्ड हाय की.

आन कार्डं दोन दिली बरं का! एक वापरायचं, एक राखीव. पैसं एकच, दोन्ही कार्डांतनं निघतेत. मालकांनी डोकं लावलं. एक तुझ्यापाशी, एक घरी पेटीत. हरवलं तर एक तरी ऱ्हाईल! लई हुशार. म्या बी मान हलवली, मलाच तवा शहाणपण वाटलं. चार आकडे दिले, कुणाला सांगायचे न्हायत म्हणले. म्या मालकांना बी सांगितले न्हायत. एवढी म्या पक्की.

मग सांगा, माझं चुकलं कुठं?

न्हाय, सांगते, चुकलं ते बी सांगते. नवी वस्तू घरात आली तर तुमी काय करता? शेगडी आली, मोटारसायकल आली, हळदीकुंकू वाहता का न्हाय? म्या दोन्ही कार्डं देव्हाऱ्यात ठेवली. हळद, कुंकू, दोन थेंब तेल. आठ दिवस देवापाशी. निघायच्या आदल्या दिवशी हातात घेतलं तर त्या कार्डावर सोन्यावानी एक चौकोन असतोय ना, तो पार काळवंडलेला. आता परदेशात जायाचं, असलं घाण कार्ड दाखवायचं का लोकांम्होरं? लोक म्हणतील सास्तूरच्या बायांना टापटीप न्हाय. म्या आपली चिंच घेतली, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आन देवाचं ताम्हण घासावं तसं घासलं. चौकोन असा लखलखला! पाठीमागं बघितलं तर एक काळा पट्टा. काजळी. म्हणलं बघा, निरंजनाची काजळी कशी धरलीय! तो बी घासला. निम्मा निघाला. निम्मा लई चिवट व्हता.

का हसायलाव? तुमाला ठावं व्हतं का तो पट्टा कशाचा असतोय? न्हाय ना? मग.

हैदराबादहून इमान. जवळ चाळीस कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, आन बटव्यात देवीच्या ओटीसाठी ठेवलेले सात रुपये, सुट्टे. दुबईत उतरले, लेकीला कवळलं, तिचं पोट बघितलं, डोळे भरले. जावई म्हणले, मामी, पाणी? म्हणलं व्हय, आन तांब्याखाली रुपया ठेवला. ते हसले. लेक हसली न्हाय. तिनं रुपया उचलून देवापाशी ठेवला, आन देवापाशी गेलेला रुपया परत घेता येतोय का?

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणलं चला, आपला शिधा आपण आणू. खाली दुकान, केरळचा पोरगा, हिंदी आपल्यावानीच बोलतंय. म्या पीठ घेतलं, डाळ घेतली, तेल घेतलं, थाटात कार्ड काढलं. त्यानं मशीनीत घातलं. पीं. पुसून घातलं. पीं. बाजूनं ओढलं, वरनं टेकवलं, शर्टाला घासलं. घासलं म्हणून माझा जीव उडाला न्हाय, तवा मला काय म्हाईत! शेवटी त्यानं कार्ड उजेडात धरलं, फिरवलं, आन माझ्याकडं बघून म्हणाला, "अम्मा, इसका पट्टी किधर गया?"

पट्टी! म्या म्हणलं, बेटा, मैल था, हमने निकाल्या.

त्यो पोरगा खाली बसला बघा.

घरी येऊन लेकीनं फोन लावला. हिंदीसाठी दोन दाबा, थांबा, गाणं ऐका, थांबा. मग एक पोरगी आली, आवाज साखरंवानी. माझ्या आईचं माहेरचं नाव इचारलं. आईचं माहेरचं! आई जाऊन वीस वर्षं झाली, तिला कुणी जिती असताना नावानं हाक मारली न्हाय, आन ही इचारायलीय. सांगितलं कसंबसं. मग म्हणती, मॅडम, आपके पैसे बिल्कुल सुरक्षित हैं, आप अपना दूसरा कार्ड इस्तेमाल कीजिए.

दुसरं कार्ड! ते सास्तूरला पेटीत, म्या दुबईत चौथ्या मजल्यावर, आन मधी अख्खा समिंदर. मालकांना फोन केला तर म्हणले, काळजी करू नको, पेटीला कुलूप हाय. पाठवा म्हणलं तर लोहाऱ्याच्या पोस्टात जाऊन इचारून आले, दहा दिवस लागतेत म्हणे. दहा दिवसांत तर बाळंतपण हुतंय. पैसं हायत. पर कार्डात हायत, आन धड असलेलं कार्ड पेटीत हाय!

बरं, म्हणलं, भाकऱ्या हायत. डाक्टरनं दिलेली तारीख चार दिवसांवर हाय, निभंल. तर शुक्रवारी जावयाचे कंपनीतले दोस्त आले, सगळे आपल्याच भागातले, सोलापूर, उमरगा. भाकरीचा वास लागला त्यांना. सहा वर्षं घरचं खाल्लं न्हाय म्हणून एकजण रडायच्या बेतात. आता असल्या पोरांना न्हाय म्हणू का? अठ्ठावीस भाकऱ्या एका बैठकीत मोडल्या बघा. जाताना पाया पडले. पाया पडून पोट भरतंय का माझं?

उरल्या बारीक सारीक पाच-सहा. रुपये बी संपत चालले, रोज पाण्याचा एक. आन तारीख आली, गेली, लेकरू काय येईना! म्या उपास काढले. शनिवार मारुतीचा, सोमवार म्हादेवाचा, मंगळवार देवीचा. रविवारचा काय, म्हणून लेकीनं इचारलं तर म्हणलं कुलदैवताचा. आन रोज संध्याकाळी फोनवर विहीणबाई, उमाबाई, नळदुर्गहून तोंड दाखवायच्या. "काय जेवलाव विहीणबाई? आमच्या अमरनं काय आणलं का न्हाय तुमाला?" बोलणं गोड, पर नजर माझ्या ताटावर. म्या म्हणायची, म्या माझं आणते वो. खोटं बोलायची बी ताकद लागती, बायांनो, उपाशी पोटी खोटं नीट निघत न्हाय.

आठव्या दिवशी, मंगळवारच, दुपारी. भाकरी संपलेली, रुपया संपलेला. लेकीनं वरणभात वाढला, दोन ताटं. म्या म्हणलं तू जेव, माझा उपास हाय. तर तिनं आपलं ताट लोटलं. एवढं मोठं पोट घेऊन जमिनीवर माझ्याम्होरं बसली आन आवाज न चढवता म्हणली, "आई, चार बारी तू माझ्या दारातनं बाटलीचं पाणी पिऊन गेलीस. म्या तांब्या घेऊन उभी ऱ्हायले, बोलले न्हाय. आता माझ्या पोटात लेकरू हाय आन माझी आई समोर उपाशी बसलीय. मला घास गिळंना. तू जेवलीस तर म्या जेवंन."

काय करू? सांगा, तुमी काय केलं असतं?

म्या जेवले. दोन बारी भात घेतला. लेकीच्या हातचा भात सात वर्षांनी, काय सांगू, मीठ डोळ्यांतलंच पुरलं. हात धुतला आन बटवा उलटा केला, तर आत एक लवंग आन कार्ड. मग कार्डच ठेवलं ताटाखाली. दुसरं काय व्हतं माझ्यापाशी?

जावई आले तवा ताट तसंच. त्यांनी उचललं, कार्ड बघितलं. मला वाटलं आता हसतील. न्हाय हसले. कपाळाला लावलं आन म्हणले, "मामी, एका ताटाला एवढं कोण देतंय? माझ्यापाशी मोड न्हाय. लेकराच्या लग्नापतुर जेवा ह्यात."

म्या पदर तोंडाला लावून आत गेले.

आन ऐका आता, नशीब ऐका. त्याच संध्याकाळी लेकीला कळा सुरू झाल्या! दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता नात झाली. गोरीपान, डोक्यावर हे एवढं जावळ. आता लेकीकडं खायला म्या मोकळी! पर माझं मन इचारायलंय, अगं लक्ष्मे, सात वर्षं धरलंस, आन एक रात? एक रात धरवली न्हाय तुला?

बाराव्या दिवशी बारशाला विहीणबाई फोनवर. सगळ्यांदेखत इचारलं. "विहीणबाई, ऐकलं, लेकरू व्हायच्या आधीच जेवलाव म्हणं. रुपया तरी ठेवलाव का?"

म्या म्हणलं, रुपया न्हाय ठेवला. सगळं ठेवलं.

"सगळं म्हंजी?"

म्हणलं, दोन वर्षं थापलेल्या भाकरीचं जेवढं आलं तेवढं सगळं, ताटाखाली. तुमच्या लेकाला इचारा, मोड द्यायला त्यांच्यापाशी नव्हती.

सात वर्षांत पहिल्यांदा त्या बाईनं आधी फोन ठेवला. पर त्याचं काय करू? चाटू? नातीला चांदीचे वाळे घालायचे व्हते मला माझ्या पैशाचे. दुकानाच्या काचंतनं बघून आले.

परत आले. एसटीतनं उतरले तशी पिशवी बी खाली ठेवली न्हाय, पेटीकडं गेले. म्हणलं राखीव कार्ड धड हाय, सोलापूरला नेते, पैसं परत घेते, वाळे करते, जाणाऱ्याच्या हातनं धाडते. पेटी उघडली. कार्ड दिसलं. लखलखायलंय. सोन्यावानी. उलटं केलं. पाठ स्वच्छ, पांढरी, एक डाग न्हाय. मालक दारात उभे, कौतुकानं बघायलेत. "काळं पडलं व्हतं," म्हणले. "तू यायच्या आधी घासून ठेवलं. पट्टा लई चिवट व्हता, पर काढला सगळा."

आता सांगा, कुणाकडनं शिकले?

सोलापूरला अर्ज दिलाय. पैसं कुठं जात न्हायत म्हणतेत, सुरक्षित हायत. हायत की. पर कार्डात हायत. तुझ्या भाकऱ्या किती झाल्या गं, बारा? पैसं फोनवरनं धाडते म्हणतीस? न्हाय बाई. रोख ठेव. हितं, हातावर.