मशीनमध्ये धुतलेले वेडर्स

हॅलो?… हो, दुकानातच आहे. बोल ठमे… हळू. आधी श्वास घे… काय धुतलंस?

वेडर्स? तुझ्या सासऱ्यांचे? नदीत उतरताना घालतात ती छातीपर्यंतची रबरी विजार?… मशीनमध्ये, गरम पाण्यात. अगं, ते घालून माणूस पाण्यातच उभा असतो, त्यांना आणखी काय धुवायचं?

बरं, नाही हसत… हो, हो… अगं ऐक ना… माहितीये मला. दोघं नवराबायको मिळून मासे धरायला जायचे, आणि सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी गळाला हात लावला नाही. आज आपणहून म्हणाले, उद्या सकाळी जातो?… म्हणून तू आनंदाच्या भरात… कळलं.

भोकांवरची ठिगळं किती सुटली?… सगळीच. वा.

एक मिनिट हं… नाही काका, गुळगुळीत तळाचे बूट नकोत. शेवाळावर जाल घसरत. खिळेवाले घ्या… हां, बोल. तुला नाही गं, गिऱ्हाईकाला… बूटही धुतलेस? कुठे आहेत?… हीटरवर? उचल. आत्ता उचल, तळ सुटेल त्यांचा… उचललेस?

आता अंधारी खोली बघ… कपड्यांचं कपाट? चालेल, बस आत. टॉर्च विजारीच्या पायात सोड. बाहेर उजेडाचा ठिपका दिसला की तिथे पेनाने खूण. मग मागे मी दुकानातून दिलेला गोंद लाव आणि रात्रभर टांगून ठेव. सकाळपर्यंत वाळेल.

मग त्यांना सांगून टाक की… हं. खरंय. विजार गळते म्हटलं की घरी बसायला निमित्तच मिळेल त्यांना. तुझ्या जिवाला घोर लागला तो हाच.

भोकं किती झाली?… नऊ… थांबलीस का?… दार कोणी उघडलं?… सासऱ्यांनी?

हॅलो?… ठमे?… काय म्हणतायत?… आत आले? तुझ्याशेजारी बसलेत, कपाटात?… आणि टॉर्च त्यांनी धरलाय. दहावं भोक त्यांनीच दाखवलं… मग रडतेस कशाला, वेडे?

काय विचारलं?… तुझा बुटाचा नंबर?… पाच सांगू नकोस. सहा सांग, आत जाड मोजे लागतात.

सहाचे घरात आहेत म्हणाले?… कोणाचे?…

हं… सासूबाईंचे.

नाही, रडत नाहीये मी… घाल की मग. आजच घालून बघ, घरभर चाल, आणि उद्या त्यांचा हात धरून उतर… ठेव आता फोन. नाड्या बांधायला दोन्ही हात लागतात.