सुरमई की रावस

लग्नानंतर आम्ही घरचे सगळे हैदराबादहून गोव्याला गेलो होतो ना, तेव्हाचं सांगते. सासरी अंडंसुद्धा चालत नाही, म्हणून हॉस्टेलवर मी मासे खायचे हे मी लपवलेलं. समुद्रकाठच्या बारमध्ये जेवायला बसलो, तर सासूबाई मेनूपेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होत्या. तेवढ्यात वेटरने दुसऱ्या टेबलाचे तळलेले मासे चुकून आमच्यापुढे ठेवले.

"भाई, इधर नक्को!" मामंजी ओरडले.

"सुरमई वाटतं," माझ्या तोंडून निसटलं.

सगळे माझ्याकडे वळले. "तुला गं कसं कळलं?" मामंजींनी विचारलं.

सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "तिला काय कळतंय? रावस आहे तो."

मग सगळे सासूबाईंकडे वळले.

हल्ली त्या इथे हैदराबादेत जामबागला भजनाला निघाल्या की मामंजी विचारतात, "नेमकी जातेस कुठे?"