आधी भाकरी, मग बोलणी

माझी थोरली बहीण, आक्का, जाऊन महिनाही झाला नाही. तिचं नाव निघालं की मला रडू येतं, म्हणून चहा येईपर्यंत तिची एक हसायचीच गोष्ट सांगतो.

आम्ही कामाला होतो त्या चादरीच्या कारखान्यात ती मुकादम होती. एकदा सिद्दप्पा या विणकरानं मागावर नक्षीचे भोकं पाडलेले अर्धे पत्ते उलटे चढवले. चादरीवर अर्धे मोर उभे, अर्धे डोक्यावर. मालक ओरडतच आले. "उद्यापासून येऊ नको."

आक्का मध्ये पडली. "सिद्दप्पा, जेवलास का?"

"न्हाय की. बायको माहेरी गेलीया."

तिनं आपला डबा त्याच्यापुढं सरकवला. मालक भडकले. "आक्का, कारखाना हाय का घर?"

"मालक, उपाशी पोर घरात बी सांडलवंड करतंय. आदी खाऊ घालायचं, मग रागवायचं. ह्येचं खाऊन होऊ द्या, मीच झाडते त्याला."

मालक डब्याकडं बघत हळूच म्हणाले, "मी बी सकाळपासनं काय खाल्लं न्हाय."

"ते ओरडण्यावरनं कळलं की. बसा."

दोघांनी शेंगाचटणी-भाकरी संपवली. मग आक्कानं सिद्दप्पाला झाडलं, आणि त्याच ओघात मालकालाही.

मालक बोटं चाटत उठले. "सिद्दप्पा, उद्या वेळेवर ये. आन् जेवून ये."